शाडूच्या सतरा मुठी

आमच्या घरात एक भिंत आहे, तिला बायको ‘तुमची भिंत’ म्हणते. बाकीच्या सगळ्या भिंती आमच्या. त्या एका भिंतीवर गवंड्याची पिंपळपानाच्या आकाराची थापी आहे, चांभाराची रापी आहे, शिंप्याची वीतभर लांब काळी कात्री आहे, झिजून तुळतुळीत झालेला सुताराचा रंधा आहे. शिवाय एक हातोडा आहे. त्याचा दांडा मधे जरा बारीक होत जातो आणि टोकाशी पुन्हा भरतो. मी तो कधी कधी नुसता हातात घेऊन बसतो. बायको म्हणते, इतक्या मायेनं कधी माझा हात धरला नाही.

हे सगळं मी नांदेडच्या जुन्या बाजारातून, उदगीरच्या आठवडी बाजारातून, कुणाच्या अडगळीतून मागून आणलेलं. यातलं एकही मला चालवता येत नाही. हातोडा टांगायला भिंतीत खिळा ठोकायचा होता तेव्हा मी शेजाऱ्यांचा हातोडा मागून आणला, कारण आपल्या हातोड्याच्या तोंडावर ओरखडे पडले असते. खिळा वाकडा गेला. मग शेजारीच आले आणि ठोकून गेले. जाताना म्हणाले, “सर, हे तुमचं म्हणजे, पोहता येत नाही अन् विहिरी जमवता.”

मी एका शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे फळ्यावर सुविचार लिहितो, गॅदरिंगचे पडदे रंगवतो, आणि सरस्वतीच्या मूर्तीचं बोट तुटलं तर मला बोलावतात. त्यामुळे नजर तेवढी झाली, हात मात्र राहिला. बाजारात एखादी रापी दिसली की माझे पाय थांबतात. ही गोलाई कुणी काढली असेल? कागदावर कुणी रेघ मारली नसेल. चामडं कापता कापता कुणाला तरी वाटलं असेल, हे टोक जरा पुढं हवं, इथं तळहात बसायला हवा. असं करत करत पाचपन्नास पिढ्यांत ती झाली, आणि झाली ती अशी की वर्गात समोर ठेवून मुलांकडून चित्र काढून घ्यावं. मी घेतोही. मुलं विचारतात, सर, पेपरला येणार का? मी नाही म्हणतो. मग ती चांगली चित्रं काढतात.

माझ्या सासूबाईंना, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं मामी म्हणतो, या भिंतीचं काही कौतुक नव्हतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि लेकीला म्हणाल्या, “का गं, यांच्या घरात सुतार होते का लोहार?”

“कुणीच नाही, माय.”

“मग चोरून आनलं काय?”

मामी उदगीरजवळच्या एका खेड्यात एकट्या राहतात. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मेहुणा लातूरला नोकरीला, शेत दुसऱ्याकडं कसायला दिलेलं. पण घरामागं विहिरीच्या पाण्यावर चार वाफे आहेत, ते मात्र मामींचे. लसूण, मेथी, कोथिंबीर, कडेनं वाल. त्या वाफ्यांत त्या दुसऱ्या कुणाला पाय घालू देत नाहीत. एकदा मी हौसेनं तण उपटायला गेलो आणि अर्धी मेथी उपटली, तेव्हापासून मलाही नाही.

आषाढाच्या शेवटी त्याच वाफ्यांच्या कडेला शेवाळावरून पाय घसरून मामी पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. आम्ही त्यांना नांदेडला आणलं. प्लॅस्टर घातलं. सहा आठवडे त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर, गळ्यात हात अडकवून, गॅलरीतून खाली बघत बसल्या. “इथं मानसं ऱ्हातेत का पारवं?” असं रोज एकदा विचारायच्या.

त्याच दिवसांत मेहुण्यानं फोनवर विषय काढला. आई आता एकटी राहणार नाही. तुमच्याकडं राहू दे, नाही तर माझ्याकडं लातूरला, पण गावातलं घर बंद करायचं. बायकोलाही ते पटत होतं. मामी ऐकत होत्या. मग डाव्या हातानं फोन ओढून घेऊन म्हणाल्या, “ऐक. दिवाळीच्या आत मला लसूण लावायचाय. त्याच्या आधी मी खुरपं धरून एक वाफा काढीन, तुमच्या सगळ्यांच्या म्होरं. काढला तर मी माझ्या घरी ऱ्हाईन, पुन्हा कुनी तोंड उघडायचं न्हाई. न्हाई निघाला तर तू म्हनशील तिथं येऊन बसते.”

मेहुणा म्हणाला, “ठरलं.” आईचा शब्द त्याला माहीत होता, आणि क्ष-किरणाचा फोटोही त्यानं पाहिला होता.

आता यात माझा प्रवेश होतो. माझा प्रवेश झाला की काम बिघडतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त मला प्रत्येक वेळी नव्यानं कळतं.

मामींचे कपडे आणायला मी गावी गेलो होतो. मागच्या पडवीत, कुडाच्या भिंतीत खोचलेलं त्यांचं खुरपं दिसलं. ते मी याआधी शंभरदा पाहिलं असेल, पण मामींच्या हातात, आणि मामींच्या हातातली वस्तू निरखून बघायची माझी छाती नव्हती. त्या दिवशी एकट्यानं बाहेर उजेडात नेऊन बघितलं. ट्रकच्या कमानपाट्याचं पातं, गावच्या लोहारानं ठोकलेलं. झिजून झिजून निम्मं उरलं होतं, पण बाक असा, की चतुर्थीच्या चंद्राला लाजवील. मानेशी पातं जिथं वळतं तिथं हातोडीचे बारीक ठसे, एकाशेजारी एक, माशाच्या खवल्यांसारखे. लोहारानं ते शोभेसाठी केले नव्हते. म्हणूनच शोभत होते.

मूठ मात्र बघवत नव्हती. बाभळीची, एका बाजूनं खोल दबलेली, दुसरीकडं फुगलेली, वर चिंधी गुंडाळलेली, चिंधीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि शेवटी तारेचे वेढे. मला वाटलं, राजकन्येला कुणी गोणपाट नेसवलंय. आणि तिथंच, पडवीत उभ्या उभ्या, माझ्या डोक्यात कल्पना आली. मामींचा हात सुटला की त्यांना नवी मूठ लावलेलं खुरपं द्यायचं. सासूला साडी तर कुठलाही जावई देतो.

नांदेडला इतवाऱ्यात एक म्हातारे सुतार आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी त्यांच्याकडं गेलो. शिसमाचा तुकडा मीच निवडला. नक्षा मीच काढून दिला, पुढून, बाजूनं, वरून, तिन्ही. मधे किंचित पोट, टोकाला कळीसारखी गाठ. चाचांनी कागद लांब धरून बघितला.

“मास्टरसाब, ये मूठ है के दागिना?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

“वापरणार कोण?”

“सासूबाई.”

चाचांनी नक्षा खिळ्याला अडकवला. त्यांनी जुनी मूठ ठोकून काढली, नवी यंत्रावर फिरवून गोल केली, पॉलिश मारलं, आरशासारखी चकाकली. काम होईतो मी तिथंच बसलो होतो. दुकानात चाचांची लाकडाच्या तुकड्यांवर चालणारी एक छोटी शेगडी होती. तिच्यावर त्यांनी चहा ठेवला. जुनी मूठ समोरच पडली होती. “ये नको ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे. त्यांनी ती शेगडीत सारली. बाभळीचं लाकूड, तीस वर्षं सुकलेलं, काय छान पेटलं. तो चहा मी प्यालो. चांगला झालाय म्हणून आणखी अर्धा कप मागून घेतला.

गणपतीच्या आधी प्लॅस्टर निघालं. आतून निघालेला हात कुणा दुसऱ्याचाच वाटत होता, बारीक, फिकट. बोटं अर्धवट मिटायची आणि तिथंच थांबायची. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, आजी, दिवसातून वीस वेळा हा दाबायचा, नाही तर बोटं अशीच राहतील. मामींनी दोन दिवस चेंडूकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी तो लोणच्याच्या बरणीमागं सापडला.

“चेंडू खेळायचं वय हाय का माझं?” त्या म्हणाल्या. “माझं खुरपं आना. त्याला हाताची ओळख हाय. ते धरलं की बोटं आपोआप मिटतेत.”

मला हेच हवं होतं. मी आतून खणाच्या कापडात गुंडाळलेलं खुरपं आणलं, बायकोला बोलावलं, आणि दोन्ही हातांवर धरून पुढं केलं, जसं काही मी त्यांना मानपत्र देतोय.

“खाली ठेवा,” मामी म्हणाल्या. “लोखंड असं हातात देऊ नये. भांडनं होतेत.”

मी खाली ठेवलं. त्यांनी कापड बाजूला केलं. पातं त्यांना लगेच ओळखू आलं, त्यावरून एक बोट फिरवलं. मग मूठ धरली. धरली म्हणजे हात तिच्यावर ठेवला. उचलायला गेल्या तर खुरपं हातात फिरलं आणि फरशीवर पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा फिरलं. गोल गुळगुळीत शिसमाला काय, कुठूनही धरा, सारखंच.

“दिसतंय तर लई झ्याक,” त्या म्हणाल्या. “देव्हाऱ्यात ठेवता येईल. माझी मूठ कुठाय?”

मी बायकोकडं बघितलं. बायको माझ्याकडं बघून राहिली होती. या बाबतीत तिला अनुभव दांडगा आहे.

“ती जुनी झाली होती,” मी म्हणालो.

“जुनी तर मी बी झाले. कुठाय?”

मग मला सांगावं लागलं. मूठ, शेगडी, सगळं. चहाचा भाग मी गाळणार होतो, पण घाबरलेला माणूस नको ते आधी बोलतो.

मामी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा राग मी अठ्ठावीस वर्षं निभावलाय. त्या फक्त म्हणाल्या, “आंगठा तिथं बसायचा. मी न्हाई बसवला, बसून बसून झाला होता.” आणि उठून गॅलरीत गेल्या. रात्री जेवताना लेकीला म्हणाल्या, “माझी पिशवी बांधलेली हाय न्हवं, ती सोड. कपडे कपाटात ठेव.” पहिल्या दिवसापासून ती पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. बायकोनं ती सोडली. माझ्याशी ती दोन दिवस कामापुरतंच बोलली, आणि घरात काम बरंच होतं.

मी माझ्या परीनं प्रायश्चित्त सुरू केलं. म्हणजे आणखी नक्षे काढले. मामींच्या तळहाताची रुंदी पट्टीनं मोजली, बोटांची लांबी घेतली, आंगठ्याचा कोन काढला. जुन्या मुठीचं आठवून चित्र काढलं. ते मला जमलं नाही, कारण ज्या वस्तूला कुरूप म्हणून मी नीट बघितलंच नव्हतं, तिचं चित्र कुठून काढणार? चाचांकडं नक्षे घेऊन गेलो. ते म्हणाले, “कागज पर हाथ नै होता, मास्टरसाब. हाथ लाओ.”

“हात कसा आणू?”

“वो तुम सोचो. पढेलिखे आदमी हो.”

उत्तर बायकोनं दिलं, आणि तेही मला टोमणा मारताना. सकाळची वेळ होती. ती ज्वारीचं पीठ मळत होती, मामी शेजारी बसून उगीच एक गोळा हातात घेऊन चिवडत होत्या. गोळा त्यांनी परातीत परत टाकला तेव्हा त्यावर त्यांच्या मुठीचा सगळा ठसा होता. चार बोटांच्या चार खळ्या, आंगठ्याची एक.

“बघा,” बायको म्हणाली, “आठ दिवस पट्ट्या घेऊन फिरून राहिलात. माझ्या पिठाला एका मिनिटात कळलं.”

मी तो गोळा डब्यात घालून स्कूटरवर चाचांकडं नेला. वाटेत तो पसरला, बसला, डबा उघडला तर आत भाकरीची तयारी. चाचा म्हणाले, “तवा लावू का?”

पण कल्पना बरोबर होती. आणि शाळेत, गणपतीच्या कार्यशाळेतली शाडूची माती अर्धं पोतं उरली होती. हेडमास्तरांना विचारून मी ती घरी आणली. भिजवली, मळली, खुरप्याच्या मुठीएवढा लांबट गोळा केला आणि मामींसमोर ठेवला.

“आता हे काय?”

“मामी, हा धरायचा. खुरपं धरता तसा. जेवढा जोर लागेल तेवढा लावायचा.”

त्यांनी माती बोटात चोळून बघितली. वास घेतला. तिसऱ्या मजल्यावर आल्यापासून मातीला त्यांचा हात लागला नव्हता. “गनपतीची हाय,” त्या म्हणाल्या. मग गोळा घेतला, डोळे बारीक केले, ओठ आवळले आणि दाबला. दुखत असणार, कारण कपाळावर घाम आला. सोडला तेव्हा माझ्या हातात त्यांची पहिली मूठ आली. खूप जाड. बोटांच्या खुणा नुसत्या वरवर. म्हणजे हात त्या दिवशी एवढाच मिटत होता.

ती मी गॅलरीत सावलीला वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी मामींनीच माती मागितली. “कालची बराबर न्हाई आली. आंगठा सरकला.” तिसऱ्या दिवशी पुन्हा. कधी करंगळी नीट बसली नाही, कधी माती फार ओली होती, कधी म्हणे जावयानं गोळाच वाकडा केला. एकदा सकाळी, एकदा उन्हं उतरल्यावर हात तेलानं चोळून त्या गोळा घ्यायच्या, पटला तर वाळत ठेवायला द्यायच्या, नाही तर मोडून पुन्हा. दिवसातून वीस वीस वेळा मोडायच्या. डॉक्टरांनी चेंडू वीस वेळाच दाबायला सांगितला होता. हे आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मी बायकोला हळूच म्हणालो, तर ती म्हणाली, “गप बसा. तिला कळलं तर माती पण बरणीमागं जाईल.”

मामींना कळत नसेल असं मला अजूनही वाटत नाही.

दसऱ्यापर्यंत गॅलरीच्या कठड्यावर सतरा मुठी झाल्या. मी त्या ओळीनं मांडल्या. पहिली बटाट्यासारखी. मग हळूहळू खळ्या खोल होत गेल्या, मधली बोटं आत उतरत गेली, कंबर बारीक झाली. बाराव्या मुठीत करंगळी पहिल्यांदा पूर्ण उमटली होती. ती बघायला मी बायकोला आणि शेजाऱ्यांनाही बोलावलं. सतरावी तर अशी होती, की मी शाळेतून आलो की चपला काढायच्या आधी तिच्यासमोर उभा राहायचो. एकही रेघ सरळ नाही. डावी बाजू उजवीसारखी नाही. मी वर्गात समतोलावर तास घेतो, आणि इथं समतोल कुठंच नसताना डोळा हलत नव्हता. माझ्या भिंतीवरच्या सगळ्या मुठी, सगळे दांडे मला आठवले. तेही सगळे कुणाचे तरी हातच असणार, आणि मी त्यांना आकार आकार म्हणून टांगून ठेवलं होतं.

मी सतराच्या सतरा टोपलीत कापूस घालून चाचांकडं नेल्या. त्यांनी चष्मा पुसला, एकेक उचलून स्वतःच्या मुठीत धरून बघितली. बराच वेळ. मग विचारलं, “यातली बनवू कुठली?”

“शेवटची. आजची तीच.”

“हाथ ठैरा क्या? अजून बदलून ऱ्हायला तर?”

याचा मी विचार केला नव्हता. सतराव्या मुठीसारखी मूठ केली आणि हात आणखी मिटू लागला, तर ती जाड होणार. आणि थकल्यावर, गारठ्यानं हात पुन्हा आखडला, तर तीच बारीक पडणार. मी घरी येऊन मामींना अडचण सांगितली. त्या शेंगा निवडत होत्या. उजव्या हातानं, हे मी तेव्हाच बघितलं, बोललो नाही.

“बारीक पुन्हा करता येती,” त्या म्हणाल्या. “जाड करता येत न्हाई. अकरावीची करा. आन् बाभळीची करा. ते काळं लाकूड तुमच्या भिंतीला ठेवा.”

अकरावी त्यांनी कशी लक्षात ठेवली होती देव जाणे. मी तर मुठींच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे टाकले होते.

चाचांनी ती मूठ यंत्रावर केली नाही. वाकस घेऊन तासली, कानशीनं घासली, शाडूची मूठ एका हातात आणि बाभळीची दुसऱ्या हातात, डोळे मिटून चाचपत. दोन दिवस लागले. मी पॉलिशचं विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. नुसतं गोडंतेल लावून दिली. एकंदरीत काय, ती दिसत होती चावून टाकलेल्या आल्याच्या तुकड्यासारखी. मला मात्र ती इतकी देखणी वाटली, की मी ती घरी जाताना स्कूटरच्या डिकीत न ठेवता खिशात ठेवली. घरी शेजाऱ्यांनी शिसमाची मूठ काढून पातं हिच्यात ठोकून बसवलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही कंधारमार्गे गावी गेलो. मेहुणा लातूरहून आधीच येऊन बाजेवर बसला होता, पंचासारखा. वाफे ओळखू येत नव्हते. गुडघाभर गवत, मधे हरळी, कडेला गाजरगवत. मेहुण्यानं ते बघितलं, आईचा हात बघितला, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “दाजी, लातूरला घरात वरची खोली रिकामी करून ठेवलीय. पंखा बी लावला.”

“पंखा काढून ठेव,” मामी म्हणाल्या. पदर खोचून त्या वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या.

कुणी मदत करायची नाही असं ठरलेलं होतं. आम्ही दोघं पायरीवर बसलो, मेहुणा बाजेवर. मामींनी गवताची एक जुडी डाव्या हातानं धरली, उजव्या हातानं खुरपं मुळाशी लावून ओढलं. निघालं. दुसरं निघालं. वीतभर जागा झाली. हरळीशी पोचल्या तेव्हा ओढताना हात मुठीवरून मागं घसरला. पुन्हा लावलं, पुन्हा घसरला. मामी थांबल्या. हात मांडीवर ठेवून बोटं उघडमीट करत बसल्या.

मेहुणा बाजेवरून पुढं वाकून बघत होता. बायकोनं माझी बाही घट्ट धरली होती. मला चाचांची आठवण येत होती, आणि सतराव्या मुठीची. तीच करायला पाहिजे होती, मी का ऐकलं, असं मनात येत होतं.

मामी उठल्या, घराच्या मागं गेल्या आणि येताना फुटक्या बाटलीची काच घेऊन आल्या. पायरीवर माझ्या शेजारी बसून त्यांनी त्या काचेनं मूठ तासायला सुरुवात केली. आंगठ्याची जागा, मग खालची बाजू. चाचांनी दोन दिवस डोळे मिटून केलेली मूठ, तिचे पापुद्रे माझ्या पायांवर पडत होते. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा.

“काय झालं?” मामींनी विचारलं.

“काही नाही.”

“दुखतंय काय तुम्हाला?”

“थोडं.”

“मग तिकडं बघा.”

मी तिकडं बघितलं. तिकडं मेहुणा होता, तो हसू दाबून बसला होता. मामींनी मूठ धरली, सोडली, पुन्हा दोन ठिकाणी खरवडलं. मग पडवीतल्या डब्यातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, दाताखाली धरून त्याची पट्टी फाडली आणि मुठीवर ताणून गुंडाळली. शेवटी तारेचा वेढा. तो पिळायला त्यांनी लेकीला बोलावलं, एवढीच काय ती मदत झाली. आमच्या डोळ्यांसमोर चाचांची मूठ दिसेनाशी झाली.

मग त्या पुन्हा वाफ्यात बसल्या. या वेळी हात घसरला नाही. हरळी मुळासकट वर आली, कर्र असा आवाज करत. त्यांनी माती झटकली, मुळांची काशी बाजूला टाकली, पुढं सरकल्या. मधे मधे थांबायच्या, बोटं ताणायच्या, पुन्हा धरायच्या. उन्हं डोक्यावर आली. बायकोनं चहा केला, तो त्यांनी बसल्या जागी डाव्या हातानं घेतला. मेहुणा दोनदा उठून कडेला जाऊन बघून आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा बाजेवर न बसता पायरीवर आमच्यात बसला.

पहिला वाफा संपला. मागं सगळी काळी, मोकळी जमीन. आम्हाला वाटलं, आता त्या उठतील, काहीतरी बोलतील, निदान लेकाला ऐकवतील. मामी बसल्या बसल्याच वळल्या आणि दुसऱ्या वाफ्यातली पहिली जुडी धरली.

मेहुणा थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “दर रविवारी मोटरसायकलवर येत जातो मी. दूर न्हाई काही. उदगीरपस्तोर तर रस्ता चांगलाच हाय.” हे तो कुणाला सांगत होता, ते काही कळलं नाही. बायकोनं डोळे पुसले आणि भाकरी टाकायला आत गेली.

परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा दुसरा वाफाही निम्मा झाला होता. आम्ही चपला घालून मागं गेलो. बायको म्हणाली, “माय, निघतो आम्ही. औषध वेळेवर घे. फोन जवळ ठेव.”

“हाव.”

मी खाकरलो. मूठ कशी काय वाटली असं विचारावं, निदान चाचांना सांगायला काहीतरी हवं, असं मनात होतं. “मामी,” मी म्हणालो, “मग, बरंय ना सगळं?”

त्यांनी मान वर केली नाही. खुरपं हरळीत खोल गेलेलं होतं.

“जाताना फाटक ओढून घ्या,” मामी म्हणाल्या. “शेळी शिरती.”